पंगतीतला वेगळा डबा

मनोरीला यायचे दोन रस्ते. एक भाईंदरहून उत्तनच्या बाजूने फिरून येतो आणि दुसरा मालाडहून मार्व्याला येऊन खाडी ओलांडतो. आम्ही खाडीवाले. गणपतीच्या, नाताळच्या किंवा होळीच्या आदल्या दिवशी मार्व्याच्या धक्क्यावर उभं राहून लोकांचे हात बघावेत. एकाही माणसाचा हात रिकामा नसतो. फुलांच्या पिशव्या, फळांचे करंडे, बेकरीची खोकी आणि सर्वांत जास्त म्हणजे डबे. स्टीलचे, अ‍ॅल्युमिनियमचे, आता प्लास्टिकचे. फेरीबोटीला पलीकडे जायला फार तर दहा मिनिटं लागतात, पण तेवढ्यातही बायका डबा मांडीवरून खाली ठेवत नाहीत.

आमच्या गावात याबद्दल दोन नियम होते, आणि ते कुणी शिकवावे लागले नाहीत. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसलं तर चार मिरच्या टाकाव्यात, चिमूटभर साखर घालावी, पण डबा भरून जायला हवा. तेव्हा डब्याची आम्हाला सवय होती. प्रश्न उभा राहिला तो अलीकडे, आणि तो असा की, सणाच्या जेवणाला येणाऱ्या माणसाने स्वतःला खाता येईल असं अन्न स्वतःच करून आणलं तर ते घरच्या बाईचा मान राखणं की मान मोडणं?

आमची भाची अंधेरीला नोकरी करते. तिने तीन-चार वर्षांपूर्वी दूध सोडलं. दूध म्हणजे दही, ताक, तूप, लोणी, पनीर, सगळंच. अंडी, मटण, मासे आधीच सुटले होते. मधही खात नाही. याला व्हीगन म्हणतात. हा शब्द 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मंडळींनी केला. मराठीत त्याला घरचा शब्द नाही, म्हणून आमच्याकडे कुणी 'ती डेअरी न खाणारी' म्हणतं, कुणी 'तिचा कायमचा उपास आहे' म्हणतं. भारतातही 2022 साली अशा पदार्थांसाठी वेगळे नियम झाले, पाकिटावर छापायला वेगळी खूण आली. पण घरच्या डब्यावर कसली खूण? तिथे सांगणाऱ्याचा शब्द आणि ऐकणाऱ्याचा विश्वास, एवढंच असतं.

तिने दूध सोडलं ते तब्येतीसाठी नाही. उपनगरातल्या एका तबेल्यात ती कामानिमित्त गेली होती. तिथे मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीसमोर उभं केलेलं तिने पाहिलं. म्हशीने ते चाटावं आणि पान्हा सोडावा यासाठी. आम्हा जुन्या माणसांना यात नवल वाटलं नाही. तबेल्यांचा मुलूख आम्हाला ठाऊक आहे. शहरातले तबेले हलवून 1949 साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली, तेव्हापासून या बाजूच्या लोकांना दुधाच्या धंद्याची सगळी बाजू माहीत आहे. नर पारडाला तबेल्यात किंमत नसते, हेही माहीत आहे. पण माहीत असणं आणि टोचणं या दोन गोष्टी आहेत. तिला टोचलं.

पहिल्या वर्षी ती गणपतीला आली आणि पानावर नुसता भात, अळूचं फदफदं आणि काकडी खाऊन उठली. वरणावर तूप होतं म्हणून वरण नाही. मोदकावर तूप होतं म्हणून मोदक नाही. खीर दुधाची. पंचामृताचं तीर्थ तिने घेतलं नाही, ते तर सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. पुढल्या वर्षी ती आली ती दोन डबे घेऊन. एकात नारळाच्या रसातली तांदळाची खीर, वेलची आणि गूळ घातलेली. दुसऱ्यात एकवीस मोदक, उकडीला तुपाऐवजी खोबरेल लावून वळलेले. आमच्या थोरल्या वहिनीने डब्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "काय गं, आमच्या हातचं चालत नाय का तुला?"

हे वाक्य तिने हसत म्हटलं, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या वाक्याच्या मागे फार मोठा इतिहास आहे, आणि तो अंधेरीच्या ऑफिसात बसून कळण्यासारखा नाही.

आम्ही भंडारी. आजोबा माड-ताड चढायचे. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक गृहस्थ कामासाठी यायचे. मोठे सज्जन, बोलायला गोड. पण आमच्या घरी त्यांनी कधी शिजलेलं खाल्लं नाही. आजी त्यांच्यासाठी शहाळं काढून ठेवायची आणि केळी ठेवायची. शहाळ्याला आणि केळ्याला वरून साल असते, आतल्या भागाला आमचा हात लागत नाही, म्हणून ती चालायची. आजीला हे कळत होतं. ती एकदाच म्हणाली होती, "देवानं नारळाला कवटी दिली ती यांच्यासाठीच." नंतर तिने तो विषय काढला नाही, आणि पुढच्या वेळी शहाळं काढून ठेवायलाही विसरली नाही.

आपल्या देशात 'मी तुमच्याकडचं खात नाही' या वाक्याला चवीशी किंवा तब्येतीशी फारसं देणंघेणं नव्हतं. कोण कुणाच्या हातचं पाणी पितो यावरून माणसाची पायरी ठरत होती. 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, यातच सगळं आलं. आणि हे जुनं झालं असं म्हणायची सोय नाही. मुंबईच्या उपनगरांत आजही काही इमारतींत घर दाखवायच्या आधी दलाल विचारतो, मासे-मटण खाता का? ज्यांच्या बापजाद्यांनी या किनाऱ्यावर जाळी वाळवली, त्यांच्या मुलांना बोंबलाच्या वासापायी भाड्याची खोली मिळत नाही. अशा लोकांच्या घरात बसून कुणी 'मला हे चालत नाही' म्हटलं की त्यांना भाचीचा आवाज ऐकू येत नाही, त्या दलालाचा ऐकू येतो. यात वहिनीची चूक नाही.

तर मग भाचीची चूक आहे का? मला तसंही वाटत नाही. दोन प्रकारचे डबे असतात, आणि ते वरून अगदी सारखे दिसतात.

एक सोवळ्याचा डबा. लग्नाकार्याला जाताना काही वृद्ध बायका आपला वेगळा डबा, वेगळं पाणी घेऊन जायच्या. तो डबा कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उघडायचा. त्यातलं कुणाला द्यायचं नाही, त्याला कुणी शिवायचं नाही. त्या डब्याचा सगळा राग यजमानाच्या हातावर असतो. पदार्थ तोच असेल, पीठ, मीठ, तेल तेच असेल, पण तुझ्या हातचं नको.

दुसरा डबा भाचीचा. तिची हरकत हातावर नाही, वस्तूवर आहे. वहिनीने त्याच चुलीवर, त्याच टोपात, तूप न घालता भाजी केली तर ती पोटभर खाते आणि वर मागून घेते. तिची खीर तिने सगळ्यांना पुरेल एवढी आणली होती. मोदक एकवीस आणले होते. एकट्या माणसाला एकवीस मोदक लागत नाहीत. म्हणजे हा डबा पंगतीकडे तोंड करून उघडणारा होता.

हा फरक मला मोठा वाटतो. वेगळं अन्न आणणं हे चांगलं की वाईट, याचं उत्तर अन्नात नाही. ते अन्न कुठे ठेवलं, किती आणलं, कुणाला वाढलं, यात आहे. आपल्यापुरतं आणून बाजूला बसून खाणारा माणूस यजमानाला सांगत असतो की तुमच्या सणात मी नाही. सगळ्यांपुरतं आणून मधे ठेवणारा सांगतो की तुमच्या सणात माझंही एक पातेलं ठेवा. पहिल्याला आपण जागा देतो ती नाइलाजाने. दुसऱ्याला नाकारायचं तर आपल्यालाच कारण शोधावं लागतं.

आणि कारण शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण आमचं जुनं जेवण तिच्या बाजूचंच निघतं. उकडीच्या मोदकाच्या सारणात ओलं खोबरं आणि गूळ, पारीत तांदळाचं पीठ आणि पाणी. तूप येतं ते वरून. घावन आणि नारळाचा रस, पातोळ्या, आंबोळी, यांत दुधाचा थेंब नाही. या पट्टीत भातशेतीत गाय-म्हैस चरायला जागा थोडी आणि माड मात्र दारोदार, तेव्हा गोडाधोडाला नारळाचा रस हाच आमचा धर्म होता. दुधाची खीर आमच्याकडे फेरीबोटीने पिशवीतून आली.

त्याहून मोठी गोष्ट गणपतीच्या दुसऱ्या दिवशी असते. भाद्रपद शुद्ध पंचमी, ऋषिपंचमी. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा दंडक. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही, डाळ नाही. परसात कुदळीने खणून लावलेलं तेवढंच चालतं. आजी आदल्या दिवशी परसात फिरून सगळं गोळा करायची. अळूची पानं आणि देठी, लाल माठ, भोपळा, पडवळ, शिराळी, भेंडी, काकडी, सुरणाचा तुकडा, मक्याच्या कणसाचे गोल काप, आंबटाला चिंच किंवा अंबाडे. सगळं एका टोपात, मीठ घालून शिजवायचं. फोडणी नाही. तूप नाही. आम्ही पोरं त्या भाजीला नाकं मुरडायचो आणि मग तीच दोनदा घ्यायचो.

जगातल्या कुठल्या सणात असा नियम आहे की आज ज्याने आपल्यासाठी मान मोडली त्या जनावराच्या घामाचं खायचं नाही? दूध-तूप सोडणाऱ्यांनीसुद्धा इतका लांबचा विचार केलेला नाही. ते जनावराच्या अंगातून येणाऱ्या वस्तू सोडतात. आजी एक दिवस का होईना, जनावराचे श्रम सोडत होती.

पण इथे खोटा अभिमान बाळगू नये. त्या व्रताची कहाणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे की ती भूतदयेची सरळ गोष्ट नाही. विटाळ पाळला नाही म्हणून एक बाई कुत्रीच्या जन्माला जाते आणि तिचा नवरा बैलाच्या. दोघं आपल्याच मुलाच्या घरी राहतात. बापाच्या श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापाचं विष पडतं, कुत्री ते पाहते, ब्राह्मण मरू नयेत म्हणून खिरीला तोंड लावते आणि सुनेचा मार खाते. रात्री ती बैलाला आपलं दुःख सांगते. बैल सांगतो की आपणही दिवसभर नांगराला जुंपलेले होतो, पोटात काही नाही. मुलगा हे ऐकतो, आणि मग त्याला हे व्रत सांगितलं जातं. म्हणजे व्रताचं मूळ बाईच्या विटाळाच्या कल्पनेत आहे, आणि ती कल्पना आज कुणी भलावण करावी अशी नाही. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, म्हणजे दया बैलाची, आणि शिक्षा बाईला." बोलणं खरं होतं.

तरीही त्या कहाणीत एक गोष्ट उरते. श्राद्धाचं पंचपक्वान्न ज्याच्या नावाने शिजलं तो बाप गोठ्यात उपाशी उभा आहे, आणि घरात कुणाला पत्ता नाही. आपल्या ताटात जे आहे त्याच्या मागे कोण उभं आहे, हे त्या मुलाला एका रात्री ऐकू आलं. भाचीला तबेल्यात ऐकू आलं. ऐकू आल्यावर माणसाने काय करावं, हा प्रश्न विटाळ काढून टाकला तरी जागेवर राहतो. आजीने त्यासाठी वर्षातला एक दिवस ठेवला. भाची तीनशे पासष्ट ठेवते. दोघींत फरक आहे, पण एकीला व्रतस्थ म्हणायचं आणि दुसरीला थेरं करणारी म्हणायचं, हे काही मला न्यायाचं वाटत नाही.

आमच्या मनाची एक खोड मला यात दिसते. जन्माने आलेलं बंधन आपण मुकाट्याने मान्य करतो. विचाराने घेतलेलं बंधन मात्र आपल्याला नखरा वाटतं.

शेजारचं घर ईस्ट इंडियन ख्रिस्ती. पोर्तुगीजांच्या काळापासून या पट्टीत राहिलेले, मराठीच बोलणारे. 1887 साली, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांच्या पुढाऱ्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, पण आमच्यासाठी ते शेजारीच. त्यांच्याकडे नाताळला फुगे तळायचे. मैदा, अंडं, नारळाचा रस आणि पीठ फुगायला ताडी. ती ताडी आमच्या आजोबांची. उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात मिरच्या वाळायच्या, भाजून कुटायच्या आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायच्या. तो त्यांचा बॉटल मसाला. त्यातली एक बाटली आमच्याकडे यायची. नाताळच्या दिवशी त्यांच्या घरात सोरपोतेल आणि विंदालू शिजायचं, पण आमच्याकडे जे ताट यायचं त्यात ते नसायचं. त्यात कुलकुल असायची, नेवऱ्या असायच्या, केळी असायची. आजी डुकराचं खात नाही हे कुणी त्यांना पत्र लिहून कळवलं नव्हतं. त्यांच्या घरच्या बाईला ते माहीत होतं, आणि तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडूनही त्यांच्या चाळीस दिवसांच्या उपासात मटणाचा डबा जायचा नाही.

म्हणजे दुसऱ्याच्या ताटाची मर्यादा सांभाळून वाढणं हे आम्हाला नवीन नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तेच करत आलो. आजीने डुक्कर का खाल्लं नाही? तिच्या आईने खाल्लं नाही म्हणून. या उत्तराला सगळे मान डोलावतात. भाचीने दूध का सोडलं? तिने डोळ्यांनी पाहिलं आणि विचार केला म्हणून. या उत्तरावर मात्र सगळे वाद घालतात. खरं तर दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे. त्याचा मान राखताना आपल्याला जड जातं, कारण जन्माचं बंधन ऐकणाऱ्याकडे बोट दाखवत नाही. विचाराचं बंधन दाखवतं. ती काही न बोलता नुसती खीर बाजूला सारते आणि आपल्याला वाटतं, म्हणजे आपण खातो ते पाप का?

यावर आमच्याकडचे लोक एक तोडगा काढतात. वर्षभर पाळ, सणाला सोड. सगळ्यांच्या आनंदात एक दिवस मीठ कशाला टाकायचं? हा तोडगा मायेपोटी आलेला असतो, पण तो टिकत नाही. जे एरवी चूक वाटतं ते सणाच्या दिवशी बरोबर होत नाही. दारू सोडलेल्या माणसाला आपण होळीपुरती घे म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

मायेचा तगादा काय करू शकतो याचं मोठं उदाहरण आहे. गांधीजींनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे भारतात 1918 साली आजाराने ते अगदी खंगले. 1919 च्या सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. व्रत आड आलं. तेव्हा कस्तुरबांनी मार्ग काढला की तुमच्या मनात व्रत घेताना गाय-म्हैस होती, शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी ते मानलं. त्यांना जगायचं होतं, कामं पडली होती. पण आपण व्रताचं अक्षर पाळलं आणि आत्मा सोडला, ही गोष्ट त्यांना सलत राहिली, आणि ते त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवलं.

या गोष्टीत मला कस्तुरबा चुकल्या असं वाटत नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला कोणती बायको दूध देणार नाही? पण आमच्या पंगतीत कुणी मरणाच्या दारात नाही. तिथे 'माझ्यासाठी एक चमचा तूप घे गं' म्हणणं म्हणजे माया दाखवून दुसऱ्याचा नेम मोडायला लावणं. नेम मोडल्याचं सुख आपल्याला क्षणभर, आणि सल तिला पुढे कितीतरी दिवस.

याची दुसरी बाजूही तितकीच कडक आहे, आणि ती भाचीलाच शिकावी लागली. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी कोळीवाड्यातले आमचे एक जुने स्नेही दर्शनाला आले. तिच्या नेमाबद्दल त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी सरळ विचारलं, "पोरी, तुझ्या हिशोबानं मग आमी काय करायचं? होडी इकायची?" सगळे गप्प. भाची थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "काका, मी माझ्या पानाचं ठरवलंय. तुमच्या होडीचं मी कोण ठरवणार?" म्हातारा हसला. मग तेच बोलायला लागले, की आमच्यातही थांबायची रीत आहे. पावसात मासा अंड्यावर असतो, तेव्हा बोटी बाहेर जात नाहीत. नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं जाळं टाकत नसत. आता सरकारने 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी ठेवली आहे, आणि तरी मोठे ट्रॉलर समुद्र खरवडून नेतात. बोलता बोलता दोघांचं एकमत झालं ते त्या ट्रॉलरवर. दुधावर आणि बांगड्यावर झालं नाही, आणि व्हायचं कारणही नव्हतं.

हे उत्तर ऐकून मला बरं वाटलं, पण ते पूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. जनावराचा छळ खरोखर अन्याय असेल, तर 'माझ्या पानापुरतं' म्हणून थांबणं पुरेसं कसं? कुणी माणसाला मारत असेल तर आपण असं म्हणतो का? भाचीला हे कळतं, आणि ती एरवी याबद्दल बोलते, लिहिते. पण दुसऱ्याच्या घरी, त्याचं मीठ खाताना, न विचारता त्याच्या ताटावर बोलायचं नाही, एवढी मर्यादा ती पाळते. विचारलं तर खरं सांगायचं, लपवायचं नाही. भित्रेपणा आणि सभ्यपणा यांत अंतर थोडं असतं, पण असतं. ज्याची भाकरी खातोय त्याच्या तोंडावर निवाडा देणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. आणि ज्याच्या डब्यातली खीर आवडली, त्याला पुढच्या वर्षी कृती विचारतात.

तसंच झालं. पहिल्या वर्षी ती खीर पंगतीत पोरांनी संपवली. दुसऱ्या वर्षी वहिनीने तिला विचारलं, रस पहिला घालतेस की दुसरा, फाटत कसा नाही? भाचीने सांगितलं, पातळ रसात तांदूळ शिजवायचा, गूळ विरघळला की खाली उतरवून मग जाड रस घालायचा. वहिनी म्हणाली, "मग ही तर सासूबाईंचीच खीर." त्या वर्षी ती खीर नैवेद्याच्या पानात गेली. दुधाची खीर तिच्या शेजारी होतीच. गणपतीने कुणाचीच वाटी परत केली नाही. प्रसादाचा पेढा हातावर आला की भाची तो कपाळाला लावते आणि जवळच्या पोराच्या हातावर ठेवते. पोरं आता मुद्दाम तिच्याजवळ बसतात.

पण एक गोष्ट अजून सुटलेली नाही, आणि ती वहिनीनेच काढली. गेल्या पितृपक्षात भाऊचं पान वाढताना ती भाचीला म्हणाली, "आमी मेल्यावर तूच करशील सगळं, तुझ्या मामेभावांना वेळ नाय. माझ्या पानात काय वाढशील? मला तूप लागतं. आनि सुक्या बोंबलाची चटनी लागते."

भाची म्हणाली, "वाढीन. जेवनार तू ना, मामी."

तिथे बसलेल्या एका मामेभावाने लगेच खोड काढली, की मग तुझ्या तत्त्वाचं काय झालं? जिवंत माणसासाठी तूप विकत आणत नाहीस, आणि मेलेल्यासाठी आणणार? तर्काने बघितलं तर त्याचा मुद्दा बिनतोड आहे. भाचीनेही तो खोडून काढला नाही. एवढंच म्हणाली की त्याला अजून वेळ आहे, तोवर मी विचार करीन. वहिनीने पान उचललं आणि परसात कावळ्याला हाक मारायला गेली.